दीड इंच गोधडी

मी तंत्रनिकेतनात मोजमाप शिकवतो. व्हर्नियर कसा धरायचा, मायक्रोमीटरचा शून्य कसा तपासायचा आणि आपल्या डोळ्यांवर विश्वास का ठेवायचा नाही, हे मी वीस वर्षं जळगावच्या पोरांना सांगत आलोय. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे आयुष्यात काहीही मोजलं नाही आणि त्यांचं छान चाललंय. मी मात्र मोजत राहिलो. खाली जे सांगतोय ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं, तर मी दरवर्षी पहिल्या तासाला उदाहरण म्हणून वापरलं असतं. ते माझ्या हातून झालं, म्हणून अभ्यासक्रमात नाही.

शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी होतं. माझे काही सहकारी योगाला लागले, एक जण सोसायटीचा चेअरमन झाला. मी एक जुनी हॅचबॅक घेतली. मागची सीट काढलेली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला, आणि सायलेन्सर असा, की गल्लीतली कुत्री आधी पळून गेली आणि मग सवय होऊन परत आली. धुळ्याजवळ एका धावपट्टीवर हिवाळ्यात एका क्लबच्या वेळेच्या शर्यती होतात. प्लास्टिकचे शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, घड्याळ लावतात. आपटायला समोर कुणी नसतं. तरीही नियम असे कडक, की वाचताना वाटावं आपण चंद्रावर निघालोय.

माझी अडचण उंचीची. सहा फूट दोन इंच. लग्न जमवताना ही उंची गुण म्हणून सांगितली होती. पिंजरा असलेल्या छोट्या गाडीत ती अवगुण ठरली. मूळ सीटवर हेल्मेट घालून बसलो, की डोकं थेट वरच्या नळीला टेकायचं. आता पिंजऱ्याचं काम गाडी उलटली तर डोकं वाचवणं. डोकंच नळीला टेकलेलं असेल तर ती नळीच डोकं फोडणार, हे सांगायला प्राध्यापक लागत नाही. म्हणून नियम असा, की पिंजऱ्याच्या पुढच्या कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत एक सरळ पट्टी धरायची, आणि चालक पट्टे बांधून बसलेला असताना हेल्मेटचा माथा त्या पट्टीच्या किमान दोन इंच खाली हवा. म्हणजे रेसिंगची सीट आणायची आणि ती जमेल तितकी खाली बसवायची.

पण ‘जमेल तितकी’वरही नियम होतेच. सीट चार ठिकाणी जाड बोल्टांनी धरलेली हवी. तळाच्या पत्र्याखाली प्रत्येक बोल्टला तळहाताएवढी पोलादी पाटी हवी, नाहीतर धडक बसली की बोल्ट पत्रा फाडून वर येतो आणि चालक सीटसकट प्रवासाला निघतो. आणि शेवटचा, ठळक अक्षरातला नियम: सीटखालून या दारापासून त्या दारापर्यंत जाणारी गाडीची जी आडवी पट्टी असते, ती कापायची नाही. बाजूने धडक बसली की दार आत येण्यापासून तीच रोखते.

माझी बायको विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासते. दिवसभर ती चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघते आणि संध्याकाळी माझ्याकडे बघते. नियमांचे कागद तिने शांतपणे वाचले. मी अख्ख्या आयुष्यात लिहिलेलं काहीही तिने इतक्या आवडीने वाचलेलं नाही.

“अहो, एकच सांगते,” ती म्हणाली. “तपासणीचा कागद आणा. पास असेल तर खुशाल पळवा. नापास असेल तर गाडी विकायची. मधलं काही नाही.”

मी लगेच हो म्हटलं. मधलं काही करायला आपण काय लबाड आहोत का, असं मला तेव्हा वाटायचं.

मेहरूणच्या बाजूला एका नानांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. नाना मूळचे साक्रीकडचे, सत्तरीच्या आसपासचे, बोलणं कमी आणि तेही अहिराणीत. कुलरचे स्टँड, केळीच्या घडांसाठी ट्रॉल्या, शाळांची गेटं, सगळं त्यांच्या हातचं. अर्ध्या जळगावाला त्यांनी कुंपण घातलंय. मी नियमांचे कागद घेऊन गेलो आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. नाना पूर्ण वेळ खाली बघत ऐकत होते. मला वाटलं डुलकी लागली असेल.

“म्हनजे हाई काम कोन तपासी?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तपासनीस असतो. खाली झोपून, बॅटरी लावून, एकेक बोल्ट बघतो आणि मग कागद देतो.

नाना म्हणाले, “चाळीस वरीस व्हयनात, सर. मना कामले कोनी तपासं नही. येतस, म्हनतस, नाना जुगाड करी द्या. मी जुगाड करत नही. मी काम करस.” आणि मग, जरा लाजूनच, “तो कागद भेटना का माले आनी द्या. दुकानमा लावसू.”

मी म्हटलं, नक्की. कागद तुमचाच. त्या उन्हाळ्यात मी लोकांना बरंच काही ‘नक्की’ म्हणत होतो.

महिना मेचा. मला सुट्टी होती, आणि जळगावात मेमधे माणसाने काय करू नये याची जी यादी आहे, त्यात पत्र्याच्या शेडमधे काळ्या रंगाच्या सीटवर बसणं बरंच वर असावं. सीट पुण्याहून आणलेली, जुनी वापरलेली, फायबरची, दोन्ही बाजूंनी कुशीत घेणारी, आत पातळ गादी. पहिल्या दिवशी मी थेट तिच्यात बसायला गेलो तर नाना जवळजवळ ओरडलेच.

“सर! तठे बसू नका. तपेल शे!”

आणि आतून त्यांनी एक गोधडी आणली. जुन्या लुगड्यांची, त्यांच्या घरच्यांनी हाताने शिवलेली, धुवून धुवून मऊ झालेली. तिची चार घड्यांची चौकोनी गादी केली, सीटवर ठेवली, हाताने दाबून सारखी केली, आणि म्हणाले, “हां. आते बसा.”

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटेल. आम्हाला वाटत नाही. मेमधे जळगावात उघड्या सीटवर बसणारा माणूस एकतर पाहुणा असतो किंवा वैतागलेला. इथे स्कूटरवर ओलं फडकं असतं, रिक्षात पोतं असतं, घरच्या गाडीत बारा महिने टॉवेल असतो. दुकानात गेलात तर बसायला सांगण्याआधी स्टुलावर काहीतरी टाकतात. उन्हाळ्यात लोखंड तापलेलं म्हणून, हिवाळ्यात गार म्हणून. हे कुणी कुणाला शिकवत नाही आणि टाकलेल्या वस्तूकडे कुणी बघतही नाही. ती बुडाचाच एक भाग समजली जाते.

तर मी बसलो, आणि आमचं मोजमाप सुरू झालं.

कॉलेजातून मी सरळ पट्टी आणली होती. दोन कमानींवर ती नाना धरायचे, हेल्मेट घालून मी बसायचो, आणि अंतर मीच हात वर करून मोजायचो, कारण नानांच्या टेपवर माझा विश्वास नव्हता. तो टेप पहिल्या इंचात झिजलेला होता. मी त्यांना मोजणीतल्या चुकांची कारणं आणि प्रकार यांवर एक छोटं व्याख्यानसुद्धा दिलं. हेल्मेटचं अस्तर घामाने किती दबतं ते मी हिशेबात धरलं. पाठीचा कणा सकाळपेक्षा संध्याकाळी किंचित आखूड असतो, म्हणून प्रत्येक मोजणी दुपारी चारला केली. बुटांच्या तळव्यांची जाडीसुद्धा लिहून ठेवली, जिचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता. गोधडी मात्र लिहिली नाही. तिच्यावर मी बसलो होतो.

नानांनी तीन आठवडे जे काम केलं ते मी तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं. गाडीच्या मूळ सीटच्या सरकत्या रुळांनी उंची खाल्ली होती; ते काढून टाकले. सीटच्या दोन्ही कुशींना उभ्या पोलादी पट्ट्या लावल्या, त्यांना वरखाली भोकं ठेवली आणि सीट सगळ्यात खालच्या भोकांत बसवली. पत्र्याखाली चार पाट्या, कडा घासून गोल केलेल्या, म्हणजे पत्र्याला चिरा पडू नयेत. गोल कडा नियमांत मागितलेल्या नव्हत्या. मी विचारलं, कशाला, तर म्हणाले, “पत्रा भी दुखस ना.”

सीट आता इतकी खाली गेली होती, की तिचा तळ त्या आडव्या पट्टीला जवळजवळ टेकला होता. त्याखाली जागाच नव्हती. मी बसलो, नानांनी वर सरळ पट्टी धरली, मी मोजलं. अर्धा इंच.

हवे होते दोन. दीड इंच कमी.

मी पुन्हा मोजलं. वेगळ्या पट्टीने मोजलं. दुसऱ्या दिवशी चारला मोजलं. मोजमापाच्या शिक्षकाला एकच आकडा तीनदा आला की तो आकडा खराच वाटतो. वर्गात मी पोरांना सांगतो, की तीच चूक तीनदा केली तर तीनदा तेच उत्तर येतं. हे मी फक्त वर्गातच सांगतो.

“नाना,” मी म्हटलं, “ही आडवी पट्टी मधून दीड इंच उतरवली तर?”

नानांनी हातातला पान्हा खाली ठेवला. “उतरवनं म्हनजे कापनं.”

“थोडीशीच. मग वरून पाटी मारू.”

“तुम्हीच वाची दखाडं, सर. कापानी नही.”

“नियम लिहिणाऱ्यांना माझी उंची माहीत नव्हती, नाना.”

“हाई गाडीनी बरगडी शे,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “बरगडी मी कापत नही. तुमले बसाडीसन तर बिलकुल नही.”

मग मी त्यांना ताण, दाब, वेल्डची ताकद यावर अर्धा तास ऐकवलं. फळ्याशिवाय एवढं चांगलं मी कधी शिकवलं नसेन. नानांनी सगळं ऐकून घेतलं, मला चहा दिला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गेटाला कडी लावायला उठले. माझी गाडी त्यांनी त्या दिवशी पुसून, चावी हातात देऊन परत केली. जसं काही काम संपलं होतं. त्यांच्या मते संपलंच होतं. उरलेला दीड इंच त्यांना लोखंडात दिसत नव्हता, आणि तो लोखंडात नव्हताच.

मला राग आला. खरंच सांगतो, अपमान वाटला. कुलरचे स्टँड करणारा माणूस मला ताकद शिकवतो! धुळ्याच्या रस्त्यावर एका ढाब्याशेजारी एक वर्कशॉप आहे. तिथल्या माणसाला कुठलंही काम सांगा, तो ऐकून घ्यायच्या आधीच “हुई जाई” म्हणतो. मी त्याच्याकडे गेलो. सांगितलं. तो म्हणाला, “हुई जाई.” नियमांचा कागद मी त्याला दाखवला नाही आणि त्याने मागितला नाही, इतकं आमचं जुळलं. आडवी पट्टी त्याने ग्राइंडरने मधेच खोल कापली, वरून एक पाटी वेल्ड केली, नवी भोकं पाडून सीट दीड इंच खाली घेतली. चहा यायच्या आत काम झालं. मी हेल्मेट घालून बसलो. पट्टी धरली. बरोबर दोन इंच.

सीटवर नानांची गोधडी तशीच होती. नानांनी ती काढली नव्हती, पुढचा माणूस कशाला काढेल. माझं काम ज्यांनी नाकारलं, त्यांच्याच गोधडीवर बसून मी ते दुसरीकडे करून घेतलं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नाना एकदा बाजारात भेटले. “कागद?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तपासणी डिसेंबरात. आडव्या पट्टीचं ते काही बोलले नाहीत. नाही म्हटल्यावर शिकलेला माणूस थांबला असणार, असं त्यांनी धरलं असावं. माणसांबद्दल त्यांचा अंदाज लोखंडाइतका पक्का नव्हता.

नोव्हेंबरात थंडी पडली. एका रविवारी बायकोने गाडीतली गोधडी बघितली, वास घेतला, आणि ही कुणाची आहे, सहा महिने अशी कशी वापरता, परत द्यायची अक्कल नाही का, असे तीन प्रश्न एका दमात विचारून ती धुवायला घेतली. गच्चीवर वाळत घातली. दुपारी मला खांद्याच्या पट्ट्यांची लांबी बघायची होती. गाडी दारातच होती. मी हेल्मेट घातलं, आत शिरलो, बसलो.

आणि बुडालो. स्टिअरिंगच्या वरून मला बॉनेट दिसायचं, ते गेलं. डॅशबोर्डची कड दिसत होती आणि तिच्यावर समोरच्या घराची पाण्याची टाकी. खांद्यावरचे पट्टे आतापर्यंत सरळ मागे जायचे, ते आता वर चढून मागच्या नळीवरून जात होते.

बायको समोर उभी होती. “कुठे गेलात?” ती म्हणाली. “आत आहात ना?”

मी तिला सरळ पट्टी धरायला लावली. मोजलं. साडेतीन इंच.

मी म्हटलं, पट्टी नीट धर. ती म्हणाली, नीटच धरलीय. मी म्हटलं, सीट खाली बसली असेल, बोल्ट ढिले झाले असतील. ती माझ्याकडे, मग सीटकडे, मग वर गच्चीकडे बघत राहिली. तिचं कामच ते आहे. लोक काय सांगतात ते बाजूला ठेवून, काय होतं आणि आता काय नाही, ते बघायचं. वर गेली. ओलसर गोधडी घेऊन आली. चार घड्या केल्या, सीटवर ठेवली. म्हणाली, “बसा.”

मी बसलो. दोन इंच.

त्या संध्याकाळी मी गोधडी पूर्ण वाळल्यावर तिच्यावर माझ्या वजनाइतकी पुस्तकं रचली आणि जाडी मोजली. दीड इंच. दशांशापर्यंत आकडे माझ्या वहीत आहेत, ते इथे देत नाही. म्हणजे मे महिन्यात नानांनी काम संपवून चावी दिली, तेव्हा ते खरंच संपलेलं होतं. हेल्मेट पट्टीच्या बरोबर दोन इंच खाली होतं. नियमात. बरगडी न कापता. मला फक्त उठून एक गोधडी बाजूला करायची होती.

हे नानांना जाऊन सांगणं हा एक मार्ग होता. मी दुसरा निवडला. ढाब्याशेजारच्या माणसाकडे परत गेलो, सीट नानांच्या जुन्या भोकांत वर घेतली, आणि कापलेल्या जागेवर आणखी एक पाटी मारून, घासून, वरून गाडीचाच रंग मारून घेतला. रंग झकास जमला. बघणाऱ्याला काही कळणार नाही याची मी खात्री केली. बघणारा म्हणजे मी.

डिसेंबरात धावपट्टीवर रांगेत आठ-दहा गाड्या होत्या. तपासनीस दोंडाईचाकडचा, पन्नाशीचा, एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. गुडघ्यांना रबराचे तुकडे बांधलेले, हातात बॅटरी. क्लबमधे सगळे एकमेकांशी अहिराणीत बोलतात आणि फॉर्म इंग्रजीत भरतात. परीक्षेच्या खोलीत माणसं जशी वेगळ्या आवाजात बोलतात, तसं काहीतरी असावं. मी पट्टे बांधून बसलो. हेल्मेट: ठीक. खांद्याचे पट्टे: ठीक. मग तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

“ह्या पाट्या कोनी कऱ्यात?” खालून आवाज आला.

“जळगावचे एक नाना आहेत.”

“झकास काम शे. कडा बी गोल करेल शेत. अशा कोनी करत नही.”

मला इतका आनंद झाला, की मी नळीला डोकं आपटून घेतलं. मग ठक, ठक असा आवाज येऊ लागला. तो पान्ह्याच्या टोकाने आडवी पट्टी दारापासून वाजवत येत होता. ठक. ठक. ठक. मधे आला आणि आवाज बदलला. जाड, बसका. त्याने पुन्हा वाजवलं. ट्रॅक्टरवाल्याला रंग दिसत नाही, त्याला ऐकू येतं.

तो बाहेर आला. हात पुसले. “हाई कापेल शे.”

मी हेल्मेट काढलं.

“ज्यानी पाट्या कऱ्यात, त्यानीच कापं का? बठ्ठं एकाच मानुसनं काम शे?”

इथे मला दोन क्षण मिळाले होते. मला ते आठवतात. मागे रांगेत माणसं उभी होती, त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी होता. मोजमाप शिकवणाऱ्या सरांनी स्वतः नियम वाचून, समजून, गाडी दुसरीकडे नेऊन ती पट्टी कापून घेतली, हे त्याच्यासमोर म्हणायचं होतं.

“हो,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली, दुःखाने हलवली, आणि फॉर्म भरला. मी रांगेतून गाडी बाजूला घेतली आणि वाचला. वरच्या दोन ओळी: सीटचे आधार, उत्तम. बोल्ट व पाट्या, उत्तम. कडा गोल केल्या आहेत. खालची ओळ: आडवी पट्टी कापलेली, नापास. आणि त्याच ओळीत पुढे, शेरा: काम करणाऱ्याला या पट्टीचं महत्त्व माहीत नाही.

साऱ्या खान्देशात त्या पट्टीचं महत्त्व ज्या एका माणसाने मला सांगितलं होतं, त्याच्याबद्दल हे लिहिलेलं होतं, आणि ते माझ्या सांगण्यावरून लिहिलेलं होतं.

बायकोने कागद वाचला आणि फक्त “बरं” म्हणाली. गाडी पंधरा दिवसांत गेली. घेणाऱ्याला मी कापलेल्या पट्टीचं आधीच सांगितलं. शहाणपण मला असं वेळ निघून गेल्यावरच सुचतं. त्याने ती सुटे भाग काढायला नेली.

राहिला कागद. मी नानांकडे गेलो ते गोधडी धुतलेली, घडी घातलेली, आणि तो फॉर्म पिशवीत, असा. वाटेत ठरवलं होतं, सगळं सांगायचं. दुकानात शिरलो तर त्यांनी भिंतीवर आधीच खिळा ठोकून ठेवला होता. त्या खिळ्याकडे बघून माझं सगळं ठरवलेलं गळून पडलं. मी फॉर्म काढला आणि वरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. उत्तम. उत्तम. कडा गोल. नानांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचायला लावल्या. खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हाई काय शे?” मी म्हटलं, तारीख, सही, तसलं. गाडी का पळवली नाही, तर म्हटलं, इंजिन नडलं.

आठवड्याने गेलो तर कागद काचेच्या फ्रेममधे, झेंडूचा हार घातलेला. काम करणाऱ्याला महत्त्व माहीत नाही, हे इंग्रजीत, वर हार. येणारं जाणारं गिऱ्हाईक त्याखाली उभं राहून नानांना गेटाचं माप सांगत होतं. नानांनी माझ्यासाठी गोधडीची घडी स्टुलावर ठेवली. मी पाच मिनिटं बसलो आणि काम आहे म्हणून निघालो. मला लाज वाटत होती, आणि ती लाज इतकी साधी होती की तिच्यावर टोमणासुद्धा सुचेना.

त्यानंतर मी तो रस्ता टाळू लागलो. कुलरचा स्टँड गंजला तरी दुरुस्तीला नेला नाही. पुढचा मे आला तेव्हा बायकोनेच कुलर रिक्षात घातला, मला बाजूला बसवलं आणि नानांकडे आणलं. ती फ्रेमसमोर उभी राहिली, चष्मा लावला, खालची ओळ शेवटपर्यंत वाचली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. दावा फेटाळताना ती कशी दिसत असेल ते मला कळलं. ती बाहेर रिक्षाकडे गेली.

“नाना,” मी म्हटलं, “तो कागद काढा.”

“काबर?”

“खालच्या ओळीत तारीख नाहीये. आडवी पट्टी कापलीय असं लिहिलंय, आणि ते काम तुमचं आहे, असं मी सांगितलं. ती मी कापून घेतली. धुळ्याच्या रस्त्यावर. आणि कापायची गरजसुद्धा नव्हती, नाना. मी तुमची गोधडी मोजायची विसरलो होतो.” मी हे सगळं एका दमात म्हटलं.

नाना कुलरच्या स्टँडचा गंज नखाने खरवडत होते. “माहीत शे माले,” ते म्हणाले. “ज्या रोज काच लावाले गयतू, त्याच रोज काचवालानी वाची दखाडं.”

पाच महिने. पाच महिने तो कागद त्यांनी, काय लिहिलंय ते माहीत असताना, हार बदलत बदलत भिंतीवर ठेवला होता. मी विचारलं, मग लावला कशाला?

त्यांनी पहिल्यांदा फ्रेमकडे नीट बघितलं. “वरन्या दोन ओळी मन्या शेत, सर,” ते म्हणाले. “खालनी तुमनी शे.”

मग आत गेले, गोधडी आणली, चार घड्या करून स्टुलावर ठेवली आणि हाताने दाबून सारखी केली. “बसा,” म्हणाले. “पत्रा तपेल शे.”

मी बसलो.